गोष्ट कोणाच्या डोळ्यांनीं?

चिमणीचें घर मेणाचें होतें व कावळ्याचें शेणाचें होतें, ही गोष्ट ज्या घरांत कधींच सांगितली गेली नाहीं असें मराठी घर आमच्या पाहण्यांत नाहीं. पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें, कावळा चिमणीच्या दाराशीं येऊन हाका मारितो, आणि चिमणी आंतून एकामागून एक सबबी सांगते. बाळाला न्हाऊं घालावयाचें आहे, त्याचें अंग पुसावयाचें आहे, तीट लावावयाची आहे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या नातीस ही गोष्ट सांगत असतां तिनें मध्येंच विचारलें, "आजोबा, आपण आत्तां आंत आहोंत कीं बाहेर?" आम्ही क्षणभर थांबलों. छत्तीस वर्षें शाळेंत भाषा शिकविली, परंतु हा प्रश्न एकाहि विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिला नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीं तो स्वतःसहि कधीं विचारिला नव्हता.

उत्तर उघड आहे. आपण आंत आहोंत. बाळाचें न्हाणें आणि तीट आपणांस दिसते; कावळ्याचा मात्र केवळ आवाज ऐकूं येतो. त्याचीं पिसें किती भिजलीं, तो कोणत्या पायावर उभा होता, दोन हाकांच्या मध्यें त्याच्या मनांत काय आलें, हें सांगणारानें सांगितलेलेंच नाहीं. म्हणून प्रत्येक नव्या सबबीला मुलें खुदकन् हंसतात. आतां हीच गोष्ट दाराबाहेर उभें राहून सांगून पाहावी. घटना एकहि बदलूं नये, शब्दहि फारसे बदलूं नयेत. फक्त बंद दाराच्या दुसऱ्या बाजूस जाऊन उभें राहावें. आम्हीं नातीस दुसऱ्या रात्रीं तशी सांगून पाहिली. ती हंसली नाहीं. चिमणीस तिनें दुष्ट ठरविलें, कावळ्यास पंचा देण्याची सूचना केली, आणि तिसऱ्या रात्रीं पुन्हां आंतलीच गोष्ट मागितली.

सांगणारानें कोठें उभें राहावें या प्रश्नास अलीकडील टीकाकार 'दृष्टिकोण' म्हणतात व सांगणारास 'निवेदक' म्हणतात. शाळेंत आम्ही याचा निकाल व्याकरणानें लावीत असूं: गोष्टींत 'मी' आला तर प्रथमपुरुषी निवेदन, 'तो' किंवा 'ती' आली तर तृतीयपुरुषी, पांच गुण. परंतु चिमणीची गोष्ट तृतीयपुरुषी असूनहि डोळा मात्र चिमणीच्या घरांत आहे, हें त्या निकालांत बसत नाहीं. बोलतो कोण हा एक प्रश्न आणि पाहतो कोण हा दुसरा. पहिल्याचें उत्तर क्रियापदावरून मिळतें; दुसऱ्याचें शोधावें लागतें, आणि बहुधा तेंच महत्त्वाचें असतें.

हा विषय पश्चिमेकडून आला अशी एक समजूत आहे, ती पुरती खरी नाहीं. आपल्या अलंकारशास्त्रांत कथा आणि आख्यायिका या दोन गद्यप्रकारांविषयीं जो वाद झाला, तो मुळांत याच गोष्टीचा आहे. भामहाचें म्हणणें असें कीं, आख्यायिकेंत नायक आपलें चरित्र स्वतः सांगतो, कथेंत तें दुसऱ्यानें सांगावें. कारण कुलीन मनुष्य आपल्याच गुणांचा डंका कसा वाजवील? दण्डीनें 'काव्यादर्शां'त हा भेद खोडून काढिला. नायकानें सांगितलें काय किंवा इतरानें सांगितलें काय, खरें तें सांगणारास आत्मश्लाघेचा दोष लागत नाहीं, आणि आख्यायिकांतूनहि दुसरे लोक बोलतांना आढळतात, असें तो म्हणतो. नियम म्हणून पाहिलें तर आमचें मत दण्डीकडे झुकतें. परंतु भामहाचा आक्षेप नुसता शिष्टाचाराचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. जो आपल्या गोष्टीचा आपणच नायक असतो त्याची गोष्ट ऐकणारानें थोडी तोलून घ्यावी लागते, ही शंका त्याला आली होती. मनुष्य खोटें बोलतो म्हणून नव्हे. तो आपल्या जागेवरून पाहतो म्हणून.

दण्डीनें स्वतः 'दशकुमारचरितां'त एक गंमत करून ठेविली आहे. कुमार आपापलीं साहसें आपल्याच तोंडानें सांगतात. त्यांतील मंत्रगुप्ताची पाळी येते तेव्हां त्याच्या ओठास दुखापत झालेली असते (ती कशी झाली हें दण्डीनें सांगितलें आहे, आम्ही येथें सांगत नाहीं), आणि म्हणून त्याचा सबंध उच्छ्वास प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरें टाळून लिहिलेला आहे. पंडितांनीं यास शब्दचमत्कार म्हणून नांवाजिलें व सोडून दिलें. आम्हांस त्यांत याहून मोठी गोष्ट दिसते. जो बोलतो त्याच्या देहाची, दुखण्याची, अवस्थेची खूण त्याच्या वाक्यांत उमटली पाहिजे, हें दण्डीनें ओळखिलें होतें.

बाणाच्या 'कादंबरी'ची रचना तर एकांत एक बसणाऱ्या डब्यांसारखी आहे. शूद्रक राजाच्या सभेंत एक पोपट आणिला जातो. तो आपली हकीगत सांगूं लागतो. त्या हकीगतींत जाबालि ऋषि गोष्ट सांगतात. त्या गोष्टींत महाश्वेता चंद्रापीडास आपली कहाणी सांगते. आणि शेवटीं उघड होतें कीं सांगणारा पोपट व ऐकणारा राजा हे दोघेहि त्याच गोष्टींतील पात्रें आहेत, मागल्या जन्मींचीं. बाण ती पुरी करण्यापूर्वींच वारला व त्याच्या पुत्रानें ती पुरी केली. इंग्रजी 'नॉव्हेल' या शब्दास मराठींत या नायिकेचें नांव मिळालें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण ज्या ग्रंथावरून हें नांव पडलें तो एका पोपटानें सांगितलेला आहे, याची आठवण कादंबऱ्या लिहिणारांस क्वचितच असते.

महाभारतापुढें मात्र हे सगळे फिके. तें सबंध आख्यान वैशंपायन सांगतो जनमेजयास. म्हणजे अर्जुनाच्या पणतूस. परंतु युद्धाचीं पर्वें आलीं कीं आंत दुसरी बैठक दिसते: संजय सांगतो आणि ऐकतो धृतराष्ट्र. जिंकणाऱ्यांचा पणतू जी कथा ऐकत आहे, तिच्या गाभ्यांत हरणाऱ्यांचा आंधळा बाप तीच लढाई ऐकत बसलेला आहे. त्यांत आणखी एक खुबी अशी कीं, भीष्मपर्वांत संजय रणांगणावरून येतो तो भीष्म पडल्याचीच वार्ता घेऊन. दहा दिवसांची लढाई होऊन गेलेली असते. त्यानंतर धृतराष्ट्र विचारतो, माझ्या मुलांनीं आणि पांडूच्या मुलांनीं काय केलें? आणि मग गीता येते. आपण गीता वाचतों ती अर्जुनाच्या शेजारीं रथांत बसून, युद्ध अजून सुरू व्हावयाचें आहे अशा समजुतीनें. धृतराष्ट्रास ती ऐकूं आली ती भीष्म शरपंजरीं पडल्यानंतर. 'माझीं मुलें' आणि 'पांडूचीं मुलें' या दोन शब्दांत त्याची जागा कोणती हें व्यासांनीं सांगून टाकिलें आहे. वर्गांत गीता शिकवितांना पहिल्याच श्लोकावर आम्ही एक तास घालवीत असूं, सहकारी हंसत.

आतां आपल्या भाषेंतील कादंबरीकडे येऊं. १८५७ सालीं बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. मराठींतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून तिचा निर्देश होतो. यमुना आपल्या पतीसह प्रवास करिते व ठिकठिकाणीं विधवांची दैना पाहते. लेखकाची कळकळ खरी आहे. परंतु तो, यमुना आणि आपण असे तिघेहि पाहणारे आहोंत, आणि विधवा ही पाहिली जाणारी आहे. तिचें दुःख निरूपणाचा विषय आहे. पुस्तकाच्या पूर्ण नांवांत 'निरूपण' हा शब्दच आहे.

पुढें १८९० सालीं हरि नारायण आपटे यांनीं 'करमणूक' पत्र काढिलें व त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊं लागली. हिच्याहि नायिकेचें नांव यमुनाच, घरांतली यमू. विषयहि तोच. परंतु येथें यमू स्वतः बोलते. लहानपणचें घर, बापाचा धाक, आईचें मुकें सोसणें, सासर, आणि वैधव्यानंतर तिच्यावर सक्तीनें झालेलें केशवपन, हें सर्व तिच्या 'मी'मधून येतें. आपटे त्या वेळीं सव्वीस वर्षांचे पुरुष होते. संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रांत रणें माजलीं होतीं. कायदा १८९१ च्या मार्चांत झाला. सभांतून, पत्रांतून स्त्रियांविषयीं बोलणारे पुष्कळ होते, दोन्ही बाजूंचे. आपट्यांनीं काय केलें, तर आपण बोलणें थांबवून तिला बोलूं दिलें.

यांत त्यांनीं पत्करिलेली अडचण वाचकांनीं लक्षांत घ्यावी. सर्वसाक्षी निवेदक भिंतींतून आरपार पाहतो. यमूस तें शक्य नाहीं. दिवाणखान्यांत पुरुष काय बोलले हें तिला कळावयाचें तर दाराआडून कानीं पडलें पाहिजे किंवा कोणी सांगितलें पाहिजे. त्या काळच्या सुनेस घरांत जेवढें दिसूं व ऐकूं येत असे तेवढेंच वाचकास मिळतें. एरवीं जी मर्यादा कादंबरीकाराची गैरसोय ठरावी, तीच येथें त्या जिण्याचें चित्र होते. शिवाय यमूला डोळ्यांच्या दोन जोड्या आहेत: एक त्या वेळच्या पोरीची, जिला कांहीं उमगत नाहीं, दुसरी पुढें आठवून सांगणाऱ्या स्त्रीची, जिला सर्व उमगलें आहे. पोर खेळाचें सांगत असते आणि आपल्या घशाशीं आवंढा येतो, तो या दोहोंमधल्या अंतरामुळें.

कल्पित 'मी'ची ही गोष्ट झाली. खऱ्या 'मी'चें उदाहरण म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' काढून पाहावींत. १८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. चरित्रकार असता तर तो टिळकांबरोबर मुंबईस गेला असता आणि त्यांच्या मनांतील उलाढाल वर्णिली असती. लक्ष्मीबाई आपणांस नेत नाहींत, कारण त्या स्वतः तेथें नव्हत्या. वार्ता घरीं येते, बाहेरून. ती ऐकणाऱ्या बाईबरोबर आपण असतों.

स्वातंत्र्यानंतर या पद्धतीस बहर आला. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) मध्यें ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आळीपाळीनें बोलतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्यें कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्णहि आपापली बाजू सांगतात. दोन्ही पुस्तकें घरोघर वाचलीं गेलीं आणि तीं योग्यच झालें. आमची एकच कुरकुर आहे: बोलणारीं तोंडें अनेक असलीं तरी भाषेचा सांचा बहुधा एकच. सारथ्याच्या घरचा शोण आणि राजवाड्यांतली कुंती यांच्या वाक्यांची घडण सारखी कां असावी? मंत्रगुप्ताच्या दुखऱ्या ओठाची आठवण आम्हांस येथें होते.

एवढें पांडित्य सांगितलें खरें, पण हा विषय आम्ही प्रथम शिकलों तो ग्रंथांतून नव्हे, आमच्याच घरच्या माजघरांत.

आमच्या आजोबांची एक गोष्ट होती. घरांत कोणाचीहि मुंज असली कीं पंगत उठल्यावर ती त्यांस सांगावी लागे. गोष्ट त्यांच्या स्वतःच्या मुंजीची, १९१६ सालच्या वैशाखांतली, वय आठ. मुहूर्त सकाळचा. बटूच्या क्षौरासाठीं न्हावी पहांटेंच येऊन ओटीवर वस्तऱ्यास धार लावीत बसलेला. डोकें अर्धें भादरून होतें न होतें तों आंतून ओरड उठली: अक्का कोठें आहे? अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण, त्या वेळीं बारा वर्षांची. गोठा पाहिला, परसू पाहिलें, शेजारची वाडी पाहिली; एकानें विहिरींत गळ सोडिला. न्हावीसुद्धां वस्तरा टाकून शोधाला गेला, आणि बटु अर्ध्या डोक्यानें अंगणांत एकटा उभा. मुहूर्त टळतो कीं काय म्हणून भटजींचा जीव वरखालीं. अखेर गड्याला कोठीच्या खोलींतून शिंक ऐकूं आली. भाताच्या कणगीवरचें झांकण काढून पाहतात तों अक्का आंत गुडघाभर भातांत, केसांत तूस भरलेलें! आजोबा ती शिंक हुबेहूब शिंकून दाखवीत आणि अर्ध्या डोक्याचा बटु कसा उभा होता तेंहि करून दाखवीत. घर हंसून लोटपोट होई. आम्हींहि हंसलों आहों. किती वेळां तें सांगतां येत नाहीं. अक्का म्हणजे आमची आत्याआजी त्या वेळीं माजघराच्या दाराआड बसलेली असे. तिच्याकडे पाहण्याचें कोणास कारण नव्हतें.

आत्याआजी अकराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परत आली होती, ती कायमचीच. १९७६ च्या उन्हाळ्यांत आम्ही शालान्त परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत घरीं होतों. तिला मोतीबिंदूनें दिसेनासें झालें होतें. ती खांबाला टेकून बोटांच्या सवयीनें वाती वळीत बसे आणि आम्ही तिला वाचून दाखवीत असूं. पोथ्या झाल्या, मग गांवच्या वाचनालयांतून आम्हीं 'पण लक्षांत कोण घेतो?' आणिली. कोणापुढें काय वाचतों आहों याचा विचार सोळाव्या वर्षीं सुचत नाहीं. ती कांहीं बोलत नसे. फक्त वाचणें संपलें कीं "उद्यां लवकर ये" म्हणे.

न्हाव्याच्या भीतीचा भाग आला त्या दिवशीं ती म्हणाली, "थांब." आम्ही थांबलों.

"आदल्या रात्रीं ओटीवर बोलणं चाललं होतं," ती म्हणाली. "तिकडून मामंजींचं पत्र आलं होतं. पोरीला कुठवर तशी ठेवायची, असं कोणीतरी म्हणालं. कोण तें नाहीं कळलं, दिवा मालवला होता. आणि पहांटे उठून बघत्यें तों न्हावी."

आम्हांस समजावयास थोडा वेळ लागला. ही कोणत्या दिवसाची गोष्ट चालली आहे हें ध्यानांत आलें तेव्हां अंगावर कांटा उभा राहिला.

"कणगींत अंधार होता. बाहेर सगळे माझ्या नांवानं हाका मारीत होते. जितक्या जोरानं मारीत तितकी मी आंत आंत जात होत्यें. तूस नाकांत गेलं." तिनें हातांतली वात पुरी केली, दुसरी घेतली. "त्या दिवशीं वांचल्यें. दोन वर्षं. वाच पुढं."

त्या दिवशीं आमच्यानें पुढें वाचवलें नाहीं.

रात्रभर आम्ही त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारीं ठेवून पाहत होतों. तोच दिवस, तोच न्हावी, तीच कणगी, तीच शिंक. आजोबांच्या गोष्टींत पत्र नव्हतें, रात्रीचें बोलणें नव्हतें. तीं त्यांस ठाऊकच नव्हतीं, ते आठ वर्षांचे होते आणि झोंपले होते. आत्याआजीच्या गोष्टींत मुंज नव्हती; मुहूर्त नव्हता, भटजी नव्हते, अर्धें भादरलेलें डोकें नव्हतें. आजोबांची गोष्ट न्हावी आल्यापासून सुरू होई. तिची त्याच्या आदल्या रात्रीपासून. आजोबांच्या गोष्टींत शिंक आली कीं सगळें गोड होई. तिच्या गोष्टींत शिंक आली कीं सर्व संपे. दोघांपैकीं कोणी एक अक्षर खोटें सांगितलेलें नव्हतें. साठ वर्षें एका छपराखालीं राहून दोघांनींहि दुसऱ्याची गोष्ट ऐकली नव्हती. किंवा अधिक खरें सांगावयाचें तर तिनें त्यांची दरेक मुंजीला ऐकली होती, त्यांनीं तिची नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं आजोबांस सांगितलें. सांगावें कीं नाहीं याविषयीं आमचें मन अजूनहि निश्चित नाहीं. ते बराच वेळ झोपाळ्यावर बसून राहिले, मग उठून माजघरांत गेले आणि उंबऱ्यावरच बसले.

"अक्का," ते म्हणाले, "अगं, न्हावी माझ्यासाठीं आला होता."

"हो रे बाळ. मागून कळलं."

"मग सांगितलं कां नाहींस कधीं?"

ती वातीला पीळ देत होती. "तुझी मुंज होती ना," ती म्हणाली.

पुढच्या वर्षीं आमच्या धाकट्या चुलतभावाची मुंज झाली. पंगत उठल्यावर पाहुण्यांनीं नेहमींप्रमाणें कणगीची गोष्ट मागितली. आजोबा म्हणाले, "ती आदल्या रात्रीपासून सांगावी लागते, मला तेवढी येत नाहीं," आणि पान घेऊन ओटीवर जाऊन बसले.